वर्ख

खडेबाजाराच्या मागच्या बोळात छापखाना आहे,
परशराम काकाचा. मी फक्त वर्ख मारतो.
तापलेला साचा, सोनेरी पट्टी, एक दाब,
आणि कागदावर गणपती उजळतो.
अंगठ्याशी भाजल्याची जुनी खूण,
नखांच्या कडेला सोनं.
कधी कधी भातातही सापडतं.

रात्री शटर अर्धं ओढून
मी फोनमधले पत्ते उघडतो.
तिथं प्रत्येक पत्ता दोन परींचा, साधा आणि प्रीमियम.
साधा चाळीस कणांना, प्रीमियम चारशेला.
ताकद तीच. हल्ला तीन असेल तर दोन्हीकडं तीन,
जीव पाच असेल तर दोन्हीकडं पाच.
प्रीमियममधल्या योद्ध्याचा शेला तेवढा हलतो
आणि कडेनं उजेड फिरतो,
खंडेनवमीला धुतलेल्या ट्रॅक्टरच्या बोनेटवरनं
फिरतो तसा.

माझ्याकडं चारशे वीस कण.
तीन महिने हरून-जिंकून साठवलेले.

सदलग्याचा मलगौडा, उद्यमबागेत फाउंड्रीला,
रात्रपाळीच्या चहाला बसून लिहितो :
दहा साधे कर गा.
चकाकीनं हल्ला वाढतोय काय?

बरोबर आहे त्याचं.
मला खटकतं ते दुसरंच.
हे सोनं कुणी दाबलं?
कुणाचं बोट भाजलं ह्याच्यापायी?
काचेवर अंगठा कितीही फिरवा,
अंगठ्याला काही लागत नाही.

आज दुपारी कडोलीचे भावकाण्णा आले होते.
मुलीचं लग्न, नवरा गोकाकचा.
काउंटरवर दोन नमुने ठेवले, साधा आणि वर्खाचा.
त्यांनी दोन्ही चिमटीत धरून बघितले,
कापड बघतात तसे.
'मजकुरात फरक काय?'
काही नाही.
'मुहूर्त?'
तोच.
'म्हणजे जेवायला दोघांनाही तेच वाढायचं,' म्हणाले,
आणि स्वतःशीच हसले.
मग ओठांतल्या ओठांत हिशोब.
'साध्या साडेतीनशे करा. निम्म्या कानडीत.
आणि ह्यातली एक.'
एक?
'देवाची. ब्रह्मलिंगापुढं ठेवायची.'

एका पत्रिकेसाठी साचा तापवायचा म्हणजे
अर्धा तास आणि वीज.
काकानं माझ्याकडं बघितलं, मी मशीनकडं.
'कानडीत का मराठीत?' मी विचारलं.
भावकाण्णा जरा थांबले. हा प्रश्न त्यांनी धरला नव्हता.
'त्याला दोन्ही येतात,' म्हणाले.
'हाताला लागंल ती घ्या.'

तापवला.
काकानं बिलात ती धरली नाही.

आता रात्रीचे साडेअकरा.
योद्धा समोर आहे, शेला हलवत.
त्याच्या खाली, पार तळाला, पाणक्या :
हल्ला एक, जीव दोन,
खांद्यावर घागर, तोंड पलीकडं वळलेलं.
पहिल्या दिवशी सगळ्यांना फुकट मिळतो,
सगळे तो मोडून कण करतात.
त्याचा प्रीमियमही चारशेलाच.

मी पाणक्या केला.

मलगौडाचं लगेच : हुच्च!
पाठोपाठ हसणारी सात तोंडं.
मग थोड्या वेळानं : दाखव बघू.

पुढच्याच डावात तो हाताला आला.
मांडला.
घागरीतलं पाणी हललं. खरंच हललं,
थेंब काठावरनं ओघळला,
कडेनं एकदा उजेड फिरला,
आणि दुसऱ्या चालीत समोरच्यानं त्याला मारला.
डावही गेला.
वीस कण उरले.

शटर खाली ओढताना
रस्त्यावरच्या दिव्यात अंगठा बघितला.
सोनं होतं.
कडोलीचं असणार.