पोचपावती

स. न. वि. वि.
पत्राची सुरुवात अशीच केली होती, धोंगडे साहेब.
भांडायचं असलं तरी आधी नमस्कार लागतो,
नाहीतर पुण्यात पत्र कोणी हातात धरत नाही.

घोरपडे पेठ, दुसरा मजला, मोरीची भिंत.
भिंतीच्या अलीकडे माझं शिलाई मशीन,
भिंतीच्या पोटात तुमचा गंजका पाइप.
बाहेर स्वेटरची थंडी आणि आत भिंतीला घाम.
गिऱ्हाइकाचा मोतिया ब्लाउज खुंटीवर होता,
सकाळी त्यावर ओलीचा नकाशा.
त्याचे पैसे मी भरले. ते या बिलात नाहीत.

जानेवारीत तुम्ही म्हणालात, "बघू."
मार्चमध्ये म्हणालात, "बघतो ना."
एप्रिलात मी बाणेरला तुमच्या सोसायटीत आले.
वॉचमननं वही पुढे ओढली
आणि "येण्याचं कारण" या रकान्यात
मला न विचारता लिहिलं : भाडेकरू.

वाळिंबे वकीलबाई शिवाजीनगर कोर्टाबाहेर
चहाच्या टपरीशी भेटल्या.
फी घेतली नाही, दोन ब्लाउज शिवून घेतले.
म्हणाल्या, आधी लेखी कळवा, पंधरा दिवस थांबा,
मग स्वतः करून घ्या. पावत्या जपा.
खर्च भाड्यातून कापता येतो,
पण एका वर्षात, वर्षाच्या भाड्याच्या
पाव हिश्श्याहून जास्त नाही.
पाव मला लगेच समजला.
शिवणीत पाव इंच सोडतच हा हात तयार झालाय.

सोळाव्या दिवशी अन्वर मिस्त्री आला.
छिन्नीचा पहिला घाव बसला
आणि माझ्याच पोटात गोळा आला :
दुसऱ्याची भिंत!
चाळीस वर्षांत कॅलेंडरचा खिळासुद्धा
मी तुमच्या वडिलांना विचारून ठोकला होता.

पाइप, वाळू, सिमेंट, बोहरी आळीतलं केमिकल,
राडारोडा उचलणाऱ्याचे चारशे :
सात हजार सातशेनव्वद.
भाडं सहाशेचाळीस. दरमहा एकशेसाठ कापले,
चारशेऐंशीची मनिऑर्डर केली.
परत आली. "घेण्यास नकार."
पुन्हा केली. पुन्हा नकार.
पोस्टमन म्हणाला, मावशी, कमिशन फुकट जातंय.
म्हटलं, जाऊ दे, शिक्का तर येतोय.

चौथ्या महिन्यात तुम्ही स्वतः जिना चढून आलात.
चप्पल दाराबाहेर काढलीत, स्वतःच्याच घराच्या.
पावत्या एकेक करून चष्म्याजवळ नेल्या.
"सिमेंटच्या दोन पिशव्या? एवढ्याशा भिंतीला?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं
आणि आठवलं.
दुसरी पिशवी माझ्या ओट्याखाली गेली होती.
मिस्त्री समोर होता, सिमेंट आणायचंच होतं,
म्हणून मीच म्हटलं होतं, ती फटही बुजव.
तीनशेऐंशी रुपये.
रात्रभर बादल्या उपसल्या त्याची पावती नाही,
आणि जिची पावती होती, तीच खोटी निघाली.

खोडले.
खडूनं नाही, खडू झटकला की जातो.
पेनानं खोडले, खाली सही केली.

तुम्ही भिंतीवर तळहात ठेवला.
तसाच ठेवलात बराच वेळ,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मग चार महिन्यांचे एकोणीसशेवीस
दोनदा मोजून घेतले,
आणि पावतीवर, इतक्या वर्षांत प्रथमच,
"भाडे" या शब्दापुढे काहीतरी जास्त लिहिलं :
दुरुस्ती वजा जाता.

आता सात हजार चारशेदहा.
सेहेचाळीस महिने एकशेसाठ, त्यातले चार गेले,
उरले बेचाळीस, शेवटी वर पन्नास.
तोवर तुमचे गुडघे आणि माझे डोळे
टिकायला हवेत. त्यांची दुरुस्ती
कुणाच्याच भाड्यातून कापता येत नाही.

कळावे.
पुढे "लोभ असावा" लिहायचं की नाही,
ते अजून ठरलेलं नाही.
जागा मात्र सोडून ठेवली आहे. पाव इंच.