आस

होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या.
बंदीचे दिवस. हर्णैला बर्फाची गाडीसुद्धा येत नाही.
धाकू पावसे वाचनालयाच्या पडवीत बसून जाळं सांधतो,
कारण इथे गळत नाही, आणि मी फारसं विचारत नाही.
एक पाय पुढे पसरलेला. दुसरा गुडघ्याखाली
विंचच्या दोरात गेला, त्याला आता बारा वर्षं.

"बाई, वाचताय तर मोठ्याने वाचा की."

मी वाचत होते ग्रीक देवांच्या भानगडी.
एकच देव: कधी बैल होऊन पोरीला पाठीवर घेतो, दर्यात शिरतो,
कधी सोन्याचा पाऊस होऊन
कोंडलेल्या मुलीच्या मांडीवर पडतो,
कधी हंस.
धाकू हसला. "माणूस होऊन जायचं जमत नाही व्हय त्याला?"

मग आला लंगडा लोहार.
मी पान उलटणार होते,
पण धाकूची सुई थांबली होती.

देवांचा लोहार, पायाने अधू. बायको साक्षात रूप,
समुद्राच्या फेसातून वर आलेली,
काखेत अजून शिंपल्याची ओल.
नवऱ्याचा भाता धडधडत असतो
तेव्हा तिच्याकडे युद्धाचा देव येतो.
सूर्य वरून बघतो आणि चहाडी करतो.
लोहार रडत नाही. जाळं करतो,
कोळ्याच्या धाग्याहून बारीक
(आठ पायांच्या कोळ्याच्या, मी खुलासा केला),
पलंगावर टांगतो,
गावाला जातो सांगून निघतो.

"मग येतो तांडेल," धाकू म्हणाला.
"युद्धाचा देव," मी म्हटलं.
"तोच."

जाळं पडलं तेव्हा ती दोघं थांबली नव्हती.
हे पुस्तकात नाही, मी घातलं.
तिच्या मांड्यांवर चौकोन उमटले असतील,
हलावं तर अधिक जवळ,
सुटू पाहावं तर अधिक आत.
इतकं घट्ट त्यांना कधी कुणी बांधलं नव्हतं.
मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

देव जमले. पोट धरून हसले.
एक दुसऱ्याच्या कानात म्हणाला,
याच्या तिप्पट साखळ्या असू देत, मी निजेन तिच्याशी.
देवी मात्र लाजून घरी राहिल्या.
"लाजून?"
"तसं लिहिलंय."
"आमच्याकडे त्याच पहिल्या आल्या असत्या."

तेवढ्यात चांगुणा गेली समोरून,
डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, केसात अबोली,
पाजपंढरीच्या वाटेने.
आमच्याकडे बघून हसली, चोरून नाही.
"चप्पल घाल गो," धाकू ओरडला,
"तिकडे काचा पडल्यात."

मग बराच वेळ नुसती सुई.

"सोडवलं कुणी त्यांना?"
"समुद्राच्या देवाने. म्हणाला, त्याने दंड नाही भरला तर मी भरीन."
"दर्या जामीन राहिला?"
त्याने पसरलेल्या पायाकडे पाहिलं नाही.
दुसऱ्याच्या जागेकडे पाहिलं.
"भरला असेल बापडा. त्यांचा."

जाळ्याच्या एकेका डोळ्याला आस म्हणतात.
बोटांनी मापतात: दोन बोटं आस, चार बोटं आस.
मी घाटावरची. मला त्या शब्दाचा
दुसराच अर्थ आधी सुचतो,
आणि मी तो कुणाला सांगत नाही.

हातातलं जाळं काशिराम तांडेलचं होतं,
हे मला नारळी पुनवेला कळलं,
त्याची होडी उतरली तेव्हा.
जिथे फाटलं होतं तिथली गाठ न गाठ दुहेरी.

त्या दिवशी एवढंच विचारलं त्याने,
"आणि ती? कुठे गेली?"
"आपल्या बेटावर. न्हाली, अंगाला तेल लावलं, नवं वस्त्र नेसली.
पस्तावल्याचं काही लिहिलेलं नाही."
"बरं." दोरा दाताने तोडला.
"आणि जाळं? मिळालं का त्याला परत?
एवढं बारीक काम."

मी पुढचं पान पाहिलं.
मागचंही.