संधीसाधू

घाटंजीच्या लग्नात वरात पारावर आली
आणि देवमनचा क्लॅरनेट मधेच फाटला.
सूर नाही, नुसती हवा.
त्याने पट्टी बदलली, थुंकी लावली, पुन्हा फुंकलं.
पंगतीत ठेचा बाजूला सारत म्हणाला,
"तोंडात कापूस फुटला बे."
मी मोबाईलचा उजेड मारला.
जिभेवर, टाळूवर, पार घशात उतरलेलं
पांढरं, थराथराचं.

पंचफुलाला माहीत होतं, मला नव्हतं.
गोळ्या यवतमाळहून यायच्या.
मग सीझन लागला, एका रात्री दोन वराती,
एक फेरी राहिली, मग राहतच गेली.

तिडके मॅडमने कागदावर वावर काढलं,
भोवती कुंपण, आणि कुंपणावर काट मारली.
"आता आत कोण शिरेल?"
"रानडुकरं," पंचफुला म्हणाली. "अन् रोही."
"ते आधीपासून बांधावर असतात.
तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच.
कुंपण पडलं की आत येतात.
याला संधीसाधू आजार म्हणतात."
देवमन हसला,
"आमच्या गावात त्याइले निवडून देतेत."
हसताना खोकला आला
आणि थांबेना.

खोकल्याची डुकरं वेगळी निघाली.
टीबी. आधी त्याची औषधं,
दोन आठवड्यांनी पुन्हा ती जुनी.
तोंडातला कापूस तेवढ्यात झडलाही.
वजन एक्केचाळीस.

मी नऊ वर्षं दुसऱ्या रांगेत वाजवत होतो.
मालकाने विचारलं, "पुढे कोन?"
मी अर्धं पाऊल सरकलो.
कोणाला ढकललं नाही.
जागा मोकळी होती, एवढंच.

क्लॅरनेटही त्याचाच मिळाला.
पट्टी नवी घेतली.
चोच उकळत्या पाण्यात टाकली,
एकदा, मग परत.
असं काही पसरत नाही, मॅडम म्हणाल्या होत्या,
मी मान डोलावली होती
त्यांच्यासमोर.
तिसऱ्या उकळीला चोच पिवळी पडली,
किंचित वाकली.
तेव्हापासून वरचा सा जरा खालीच लागतो,
वरातीतल्या कोणाला कळत नाही.

चैतात त्याच्या दारावरून वरात गेली.
तो खाटेवर, गळ्यात मफलर, वजन सत्तेचाळीस.
दुसऱ्या दिवशी मी गेलो तर आधी तेच,
"वरच्या सा ले काय झालं?"
"चोच वाकली."
"कायनं?"
"उन्हात राह्यली."
त्याने डबीतून गोळी काढली,
पंचफुलाने गडवा पुढे केला.
घोट गिळून, माझ्याकडे न पाहता म्हणाला,
"उन्हानं वाकत नाही थे."

मग चहा आला.
एकाच ट्रेमधले तीन कप, सारखेच.
मी जवळचा उचलला
आणि गार होईस्तोवर धरून बसलो.