एअरपोर्टच्या अलीकडे

रुजुतानं पुण्याहून तिच्या खात्यात
आम्हाला एक चौकोन करून दिला आहे.
नाव ठेवलंय आईबाबा,
आणि वर एक हसरा पांडा;
तो कुणी निवडला, ठाऊक नाही.

शनिवारी जेवणं आटोपली की
हे दिवाणाच्या डाव्या कडेला, मी उजव्या,
मध्ये खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी,
आणि समोर कुठल्यातरी बर्फाच्या गावात
दोन माणसं एकमेकांवर कॉफी सांडतात.

"झालं," हे म्हणतात. "जमलं यांचं."

बाहेर जैताळ्याचा रस्ता रात्री दहालाही भाजत असतो.
कूलर खिडकीत बसून घरघरतो,
वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास
पार त्या बर्फापर्यंत जातो.

आमच्यावर कुणी काही सांडलं नाही.
मानेवाड्याला मावशीकडे
पोह्यांच्या बशा माझ्या हातात,
ढोमण्यांची सात माणसं ओळीनं बसलेली,
आणि काही विचारायचं तर विचार, असं तीनदा म्हटल्यावर
यांनी विचारलं,
"तुमच्याकडे नळ किती वाजता येते?"

साडेचारला, मी म्हटलं. पहाटे.
"आमच्याकडे पावणेपाचला," हे म्हणाले,
आणि गप्प.
याहून बरा संवाद मी कुठल्याच सिनेमात ऐकला नाही
असं काही नाही.
पण आठवतो तो हाच.

पहिला तास हे शर्थीनं जागतात.
यांचा जीव नायिकेच्या मैत्रिणीवर,
कारण सगळ्या गावात तीच एकटी कामाला जाताना दिसते.
"या पोराचं भाडं कोण भरते?"
"आता गैरसमज होईन, पहा."
होतो.
दार आपटतं, दोघं दोन खिडक्यांत,
आणि एवढ्यात डाव्या कडेला ओळखीची घोर सुरू होते.
नायक बिचारा एकटाच
एअरपोर्टकडे पळू लागतो.

सत्तावीस वर्षांच्या संसारात
एकही शेवट यांनी पाहिलेला नाही.

रविवारी पोह्यांचा पुडा आणि तर्रीची पिशवी घेऊन येतात,
गाडी स्टँडवर लावतानाच विचारतात,
"पोहोचला का मग तो?"
आधी मी खरं सांगायची.
मग एकदा, उगाच,
म्हटलं, ती विमानात बसून निघून गेली.
तर्री ओतता ओतता हात थांबला.
"गेली?"
गेली.
"बरं केलं," म्हणाले,
पण पोहे उरले त्या दिवशी.

तेव्हापासून मनाला येईल ते सांगते.
एकदा नायिकेनं मैत्रिणीसोबत खानावळ टाकली.
एकदा लग्न झालं, आणि नायक घोरायचा.
यांना सगळं पटतं,
की तसं दाखवतात, कोण जाणे.

परवा नेमका तो पळत असताना लाईट गेली.
कूलरचा आवाज थांबला म्हणून हे जागे झाले.
अंधार.
गच्चीवरून मुंबईचं शेवटचं विमान गेलं
इतकं खालून, की वाटी थरथरली.

"काय झालं मग?"
आज मलाही माहीत नाही, म्हटलं. तुम्ही सांगा.

कितीतरी वेळ काही नाही.
मला वाटलं, परत झोपले.
मग अंधारातून,
"गेटवरचा त्याला आत सोडतच नाही.
तिकीट कुठे आहे त्याच्याजवळ?
तर तो घरी येते.
ती घरीच राहते.
नळाची वेळ राहते नं."

आणि मग?

"मग काय. भरतात दोघं."

लाईट आली तेव्हा कूलर कोरडाच खडखडला.
एक बादली यांनी उचलली, एक मी.
टीव्ही आपसूक चालू झाला होता,
कोपऱ्यात आमचा चौकोन.

"तो पांडा नं," पाणी ओतता ओतता हे म्हणाले,
माझ्याकडे न बघता,
"तो मीच ठेवायला सांगितला होता पोरीला."