हजेरीतलं शेवटचं नाव

आमच्या राजधानीचं नाव लिहायचं फ्रेंच, म्हणायचं पीर.
दर्गा नाही. नवस बोलणारे मात्र भरपूर,
जानेवारीत बर्फ तुडवत येतात, फायली काखेत.
साउथ डकोटाच्या सिनेटचा मी कारकून.
पस्तीस नावं मोठ्याने वाचायची
आणि 'हो' की 'नाही' ते रकान्यात मांडायचं.

पहिलं नाव आमड्ट. शेवटचं झीब.

आर्डिथ झीब, उत्तरेच्या गव्हाच्या पट्ट्यातली.
तिच्यापर्यंत पोचेतो निकाल लागलेला असायचा.
कुणी कोट चढवतोय, कुणी फोनकडे निघालाय,
आणि मी म्हणतोय, झीब?
ती उभी राहून उत्तर द्यायची. उभं राहायची गरज नसे.
वरातीमागून घोडं, ती स्वतःच म्हणायची,
पण घोडं दर वेळी खरारा करून हजर.

निवडून आली एकोणीसशे बहात्तरला, वय सत्तेचाळीस.
त्याआधी शाळेत स्वयंपाकीण,
त्याच्या आधी धान्याच्या कोठारावर काट्याची नोंद ठेवायची.
प्रचार असा: गाडीच्या मागच्या सीटवर
दुधाच्या सायीचे कुखेन, कापडाखाली, अजून कोमट.
दारात उभं राहून एकच भाषण,
"मत द्या, नका देऊ. ताटली धुऊन परत द्या."

सोळा वर्षांत तिच्या नावावर दोन कायदे.
एक, काटे दरवर्षी तपासायचे.
दुसरा तर कायदाही नव्हे, एका कलमात
'करता येईल' खोडून 'करावे लागेल'.
एवढ्यासाठी तीन अधिवेशनं भांडली.
वर्तमानपत्रांना दोन्हीत बातमी दिसली नाही.

मग सत्त्याऐंशीचं ते शाळांचं विधेयक.
पस्तिसापेक्षा कमी मुलांचं हायस्कूल बंद,
मुलं बसने पुढच्या गावात.
तिच्या गावच्या शाळेत एकोणतीस.
मी नावं वाचत गेलो, रकाने भरत गेले,
सतरा हो. सतरा नाही.
कोट कुणी चढवला नाही.

झीब?

ती उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.
नाव दुसऱ्यांदा वाचायची मुभा असते.
गॅलरीत तिच्या गावची माणसं होती,
मुलांनी संघाची हिरवी जाकिटं घातलेली.

झीब.

"हो."

माझा हात आधीच 'नाही'कडे गेला होता.
खोडरबर घ्यावं लागलं.
तो कागद अजून दप्तरात आहे, उजेडात धरला
तर खालची खूण दिसते.

पायऱ्यांवर मी विचारलं, विचारायला नको होतं.
हातमोजे चढवत म्हणाली,
"एकच शिक्षक. तोच भूमिती, तोच बास्केटबॉल,
बॉयलर विझला की तोच तळघरात.
मी वाढलंय ना त्या पोरांना.
किती शिकतात ते मला नाही तर कुणाला माहीत?"
थोडं थांबून,
"पण घंटा गोड वाजते हं आमच्या शाळेची."

पुढच्या निवडणुकीत तिने नेहमीसारखे कुखेन वाटले.
ताटल्या परत आल्या,
तिच्या पायरीवर, रात्रीतून,
बऱ्याचशा न कापलेल्या कुखेनसकट.
त्रेसष्ट मतांनी पडली.
कुत्र्याला सायीचं पचत नाही, एवढंच म्हणाली फोनवर.

त्यानंतर दर जानेवारीला तिचा फोन.
"आता शेवटी कोण?"
योडर, मी सांगायचो. तरुण आहे, वकील.
"उभा राहतो का?"
नाही.
"बरं."
आणि हवामानाबद्दल दहा मिनिटं.

एका जानेवारीत फोन आला नाही.
मी नावं वाचली. योडर बसूनच 'हो' म्हणाला,
निकाल कधीच लागला होता.

माझ्या कपाटात एक पांढरी ताटली आहे, कडेला टवका.
पाठीवर चिकटपट्टी, शाई फिकट:
झीब.
धुतलेली आहे. परत द्यायची राहिली.