अदमास

लेकीनं हानोफरहून घड्याळ पाठवलं,
सोबत निरोप : आई, काढू नकोस, झोपतानाही.
माझं वय तिनं बरोबर भरलं होतं,
उंचीही.
वजन मात्र तीन वर्षांपूर्वीचं,
ती विमानात बसली त्या दिवसाचं.

कुताइसीत, पुलाच्या अलीकडच्या गल्लीत माझी तोने आहे,
जमिनीत पुरलेली, रांजणाच्या पोटाची भट्टी.
पहाटे चारला मी तिच्यात कमरेपर्यंत वाकते,
कणकेची लांबट होडी आतल्या भिंतीवर थापते
आणि टाचा जमिनीला लागायच्या आत
दुसरी उचलते.
पहिल्याच आठवड्यात घड्याळानं विचारलं :
पोहताय का?

रात्री आकडा आला : दोन हजार तीनशे चाळीस.
मला कॅलरी कळत नाही, पाव कळतो.
एका शोतीत हजाराच्या आसपास, असं म्हणतात.
म्हणजे तीनशे शोती भाजता भाजता
मी स्वतः जाळल्या
सव्वादोन, वर एखादा तुकडा.
इतक्यात भागतं?
मग द्राक्षवेलीच्या एवढ्या मोळ्या
रोज कुणाच्या खात्यावर जातात?

तेमुरी मास्तर रोज दोन शोती नेतात, एक उद्यासाठी.
चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय,
म्हणून मनगट पुढे केलं.
चष्मा वर सरकवून म्हणाले,
नाझिब्रोला, ह्याला आतलं जळणं दिसत नाही गं.
कातडीवर हिरवा दिवा धरतं, रक्ताच्या उसळ्या मोजतं,
हात हलला की टिपून ठेवतं,
आणि तुझ्या वयाच्या, तुझ्या मापाच्या परक्या बायकांवरून
तुझा हिशेब मांडतं.
भिंतीपलीकडची शेजारीण असते ना,
दार किती वेळा वाजलं त्यावरून
पाहुणे किती आणि रस्सा कशाचा, दोन्ही सांगणारी?
अगदीच खोटं नसतं तिचं.
पण सगळं अदमासपंचे.

भट्टीच्या धगीनं तुझं काळीज धडधडतं,
त्याला वाटतं, बाई धावतेय.
पिठाचं पोतं छातीशी कवटाळून जिना चढलीस,
हात हलला नाही,
तर निम्म्या पायऱ्या गडप.

जाता जाता दारातून वळून म्हणाले,
त्यातले तेराशे मात्र काहीच न करण्याचे.
म्हणजे?
म्हणजे दिवसभर आडवी पडून राहिलीस
तरी जळणारच.
यकृत, मेंदू, अंगातली ऊब.
ते कुणी कष्टात धरत नाही, एवढंच.

त्यांचे सुटे पैसे माझ्या मुठीतच राहिले.

मागच्या खोलीत माझी आई चार वर्षं पडून आहे.
येणारे-जाणारे विचारतात, काय करते हल्ली?
मी म्हणते, काही नाही.
चार वर्षं हेच म्हणतेय मी.

त्या रात्री घड्याळ तिला बांधलं.
पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही सैल,
म्हणून खाली रुमालाची घडी घातली.
हिरवा दिवा लागला.
अंधारात तिच्या मनगटाखालून
थोडा उजेड चादरीवर सांडत राहिला,
आणि मी, चारला उठायचं असून,
बघत बसले.

पहाटे आकडा : पाचशे बारा.
पण वय माझं, वजन माझं,
तेही तीन वर्षांपूर्वीचं.
आई जेमतेम अडतीस किलो.
अंदाजानं तिसरा हिस्सा वजा केला,
मास्तर हसतील, हसू देत.
उरले साडेतीनशेच्या आत-बाहेर.

पहिल्या घाणीतली शोती काढली,
तिचा तिसरा भाग मोडून दुधात कुस्करला.
एवढं तुझं झालं रात्रीत, म्हटलं,
एवढं तरी परत घे.
तिनं दोन घास घेतले,
तिसऱ्याला तोंड फिरवलं
आणि मनगट पुढे केलं :
हे काढ, टोचतंय.