मेसला सुट्टी नाही, शेगडीला आहे

रेग्युलेटर सूं करायला लागला तसा
सिलेंडर अंगणात काढून ठेवला.
दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या येतो मावशी,
तोवर काडी ओढू नका.
आणि दुपारी एकला बत्तीस पोरं येणार.
नीटची पोरं.
त्यांच्या घरून रोज एकच फोन :
जेवलास का? नीट जेवलास का?

सोजर म्हणाली, पाटी लावू, मेस बंद.
मी म्हटलं, गप. पिशव्या घे.

लातुरात अश्विन म्हणजे
पहाटे चादर अन् दुपारी घामोळं.
गंजगोलाईत ऊन नुसतं चरचरत होतं,
पण हातगाड्या गार दिसत होत्या :
पिवळट रेघांची वाळकं,
मातीसकट मुळे,
मेथीच्या बोटभर जुड्या,
ओल्या शेंगा, पाल्यासकट पेरू.
आवळे नुकतेच आलेले, पोरांसारखेच, आंबट तोंडाचे.

एकवीस वर्षं मी समजत आले
की स्वयंपाक म्हणजे आधी फोडणी.
मोहरी तडतडली नाही
तर घर मुकं वाटतं.
त्या दिवशी नुसती विळी बोलत होती
आणि सोजरचा खलबत्ता.

वाळूक देठाशी चाखून घ्यायचं,
एक कडू निघालं तर पातेलंभर कोशिंबीर वाया.
शेंगांचे दाणे कच्चेच कुटायचे,
दूध सुटेपर्यंत, पण पीठ नाही.
मेथीचा घोळाणा : कांदा, तिखट,
वरून करडईचं कच्चं तेल,
हाताने चुरायचं, पाल्याचा रुसवा जाईस्तोवर.
आवळा मिरचीसोबत ठेचायचा.
पोहे ताकात भिजवून, त्यात मुळ्याचा कीस.
मीठ शेवटी.
आधी घातलं तर पाणी सुटतं,
आणि पोरं उशिरा येतात.

आली.
ताटाकडे बघून
उदगीरचा मुदस्सीर म्हणाला, मावशी, हे तर सॅलड.
परतूरच्या ज्ञानदीपने विचारलं,
आज निम्मे पैसे का?
मी दोघांनाही आवळ्याचा ठेचा जास्त वाढला.
डोळ्यांत पाणी आल्यावर
दोघांनी पोहे दोनदा घेतले.

शेवटी सीताफळांची टोपली ठेवली.
सगळे कडक फळच दाबत बसले.
तेव्हा कोपऱ्यातला नागनाथ उठला,
धारूरच्या डोंगरातला,
जूनपासून मी त्याचा आवाज
'बास' एवढाच ऐकलेला.
म्हणाला, असं नाही.
डोळे बघायचे.
डोळे फाकले, मधली रेघ पांढरी झाली
की ते झालं.
हे उद्याचं. हे परवाचं, साळीत घाला.
हे आत्ता खा, नाहीतर रात्री किडे खातील.

टोपली त्याने तीन ढिगांत लावली
जशी कुणी बहुतेक शाळेआधी रोज लावत असेल.
मग सांगत बसला,
कुठल्या उतारावरचं गोड, कुठल्याचं नुसतं बियांचं,
माकडं आधी कोणतं झाड धरतात.
पोरं बिया थुंकत ऐकत होती.
कुणी घड्याळ बघितलं नाही,
दोनचा क्लास हुकला असेल एखाद्याचा.

मीही बसले. ताट घेऊन, खाली, त्यांच्यात.
रोज उभ्यानेच होतं माझं,
शेवटच्या पोळीचा चटका बोटाला असतानाच.
त्या दिवशी बोटांना मेथीचा वास होता,
आणि घोळाण्यात मीठ थोडं कमीच होतं,
कुणी बोललं नाही.

रात्री फोन आला. नंबर नवा.
मी नागनाथची आई बोलते.
आज लेकरू लई वेळ बोललं,
त्याच्या मामाचं, माकडांचं, कशाकशाचं.
काय केलं होतं तुम्ही जेवायला?

काहीच केलं नव्हतं बाई, मी म्हणाले.
मागे गार शेगडीवर
शेजारचं मांजर
अंग सैल सोडून झोपलं होतं.